घोडतोंड्याने उचलला हातोडा

आज मित्राने एकदाचा तो अंक हातात दिला. मार्व्हल कॉमिक्सच्या ‘थॉर’ मालिकेचा ३३७वा, नोव्हेंबर १९८३, किंमत ६० सेंट. पानं पिवळी पडलीयेत, उलटायलाही भीती वाटते. मुखपृष्ठावर घोडतोंड्या बीटा रे बिल चक्क थॉरच्या नावाची अक्षरंच हातोड्याने फोडतोय! लायक असेल त्यालाच उचलता येणारा थॉरचा हातोडा म्योलनीर या परग्रहवासीयाने सहज उचलला. लेखन-चित्रं दोन्ही वॉल्टर सायमन्सनची, आणि काय ताकदीची! बाकी मूळ नॉर्स, म्हणजे प्राचीन उत्तर युरोपीय कथांतला मेघगर्जनेचा देव थॉर तांबड्या दाढीचा, या अंकातला मार्व्हलवाला गुळगुळीत. हातोड्याचा दांडा आखूड का? त्या कथांत खोडकर देव लोकी माशी होऊन, हातोडा घडवताना भाता चालवणाऱ्याच्या पापणीला चावला म्हणे! मित्राचं लक्ष मात्र पूर्ण वेळ माझ्या चहाच्या कपावर.