लेजंडरीवर लायब्ररी पार केली, माझा अनुभव

शेवटी झाली एकदाची. हेलो या गोळीबाराच्या व्हिडिओ गेम मालिकेतल्या पहिल्या गेममधली लायब्ररी ही लेवल, लेजंडरीवर, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीवर, एकट्याने. जूनच्या पहिल्या पावसात सुरू केली होती आणि चवथीसाठी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचं, सामान आणायला बाजारात जायचं होतं त्याच्या आदल्या रात्री संपली. डोक्यात ताजं आहे तोवर लिहून काढतो, कारण मी जिथे अडकलो तिथेच पुष्कळ जण अडकतात आणि गेमच सोडून देतात, आणि तसं करू नका असं मला मनापासून वाटतं.

गेम २००१ चा, बंजी या कंपनीने केलेला. मी खेळलो तो पीसीवरचा, मास्टर चीफ कलेक्शनमधला, तो २०२० मध्ये आला. पहिला अर्धा गेम तुम्ही कव्हनंट या परग्रहवासीयांच्या फौजेशी लढता, म्हणजे एलिट, ग्रंट वगैरे, आणि मग सहाव्या लेवलला दलदलीतून एका जुन्या इमारतीत उतरता आणि तिथे सगळं चिडीचूप. रक्त आहे, बॉड्या आहेत, लढणारं कोणी नाही. एक मरीन, म्हणजे आपल्याच बाजूचा सैनिक, भेटतो तो भीतीने वेडा झालाय, तुमच्यावरच गोळ्या झाडतो. पुढे एका खोलीत जेनकिन्स नावाच्या सैनिकाचं हेल्मेट मिळतं, चीफ, म्हणजे आपण खेळतो तो सैनिक, त्यातली चिप काढून रेकॉर्डिंग बघतो आणि तेव्हा कळतं की फ्लड म्हणजे काय, दुसऱ्याच्या शरीरात घुसून ताबा घेणारे परजीवी. मी हे बघितलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि खरं सांगतो, उठून खोलीतला दिवा लावला.

त्यातले ते छोटे, इन्फेक्शन फॉर्म म्हणतात त्यांना, सोललेल्या नारळाहून थोडे मोठे, फिकट, फुग्यासारखे आणि खाली वळवळणारे पाय. एका गोळीत फुटतात. म्हणून मी त्यांच्याकडे लक्षच द्यायचो नाही, सगळ्या गोळ्या मोठ्यांवर, म्हणजे कॉम्बॅट फॉर्मवर. हे मोठे म्हणजे आधीचे मरीन आणि एलिटच, तीच वर्दी, तेच चिलखत अंगावर, फक्त आतला माणूस गेलेला. जुलै संपेपर्यंत मी असाच मरत होतो. त्यात दोनदा लाईट गेली आणि लेवल परत पहिल्यापासून. आमच्याकडे गोव्यात साखळीला पावसात हे चालूच असतं, पण तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर गेली ना की रडूच येतं.

मग फोंड्याहून आतेभाऊ आला होता, त्याने हा गेम शाळेत असताना खेळलेला. थोडा वेळ मागे उभा राहून बघितलं आणि म्हणाला, "अरे तू मेलेल्यांना मारतोयस. आधी तो फुगा मार."

"दादा, फुग्याने काय होतं? शील्डवर आपटून आपोआप फुटतो की."

"शील्ड आहे तोवर. शील्ड गेल्यावर बघ काय होतं ते."

तेव्हा कुठे मी नीट बघायला लागलो. चीफच्या अंगावर एनर्जी शील्ड आहे, फुगा तिच्यावर आदळला की फुटतो आणि जाताना थोडी शील्ड खातो. एकाने काही नाही, पण आठ-दहा आले की शील्ड शून्य, आणि मग पुढचे थेट अंगाला चिकटतात. मरीनकडे शील्डच नाही, नुसती छातीवर प्लेट आणि डोक्यावर हेल्मेट. चिलखत गोळी अडवेल, पण हा पायांनी पकड घेऊन आत घुसतो, मज्जासंस्थेचा ताबा घेतो, शरीर बदलून टाकतो आणि स्वतः छातीत मुक्काम करतो. हेलो ३ मध्ये तर तुमच्या डोळ्यांसमोर मरीन खाली पडतो आणि काही सेकंदात उठून तुमच्यावरच धावतो. हेलो ४ च्या मल्टिप्लेयरमध्ये फ्लड नावाचा मोड आहे, त्यात खुद्द स्पार्टन, म्हणजे चीफसारखे खास सैनिकसुद्धा बाधित झालेले दिसतात.

त्याच आठवड्यात खिडकीच्या चौकटीवरचं कुंभारीण माशीचं मातीचं घर आईने काढायला सांगितलं. फोडलं तर आत हिरवी अळी, जिवंत, पण हलता येत नाही, आणि तिला चिकटून कुंभारणीचं पिल्लू बसलेलं. मी कितीतरी वेळ ते हातात धरून उभा होतो. पण कुंभारणीचं पिल्लू अळी खाऊन संपवतं, तिथे गोष्ट संपते. फ्लड खात नाही, वापरतो. सैनिकाची बंदूक वापरतो, त्याला असलेली माहितीसुद्धा वापरतो, पुढे चीफच्या जहाजाचा कप्तान कीज याचं जे होतं ते याच्यासाठीच, आणि ते बघून मला फार वाईट वाटलं.

तर शेवटी कसं जमलं ते सांगतो. शॉटगन सोडायची नाही. तिच्यात बारा काडतुसं बसतात आणि एकेक करून भरावी लागतात, म्हणून रिकामी होईपर्यंत थांबायचं नाही, दोन-तीन मारली की लगेच भरायची. स्नायपर कॉम्बॅट फॉर्मवर फुकट आहे, गोळी आरपार जाते आणि तो धावतच राहतो. दुसरं हत्यार असॉल्ट रायफल, फक्त फुग्यांसाठी, आणि फुगे आधी. तो फुगलेला कॅरियर लडबडत येतो त्याला लांबूनच मारायचा, जमलं तर इतरांच्या गर्दीत असतानाच, कारण तो फुटतो त्यात त्याच्या शेजारचे पण उडतात, मात्र आतून नवे फुगे निघतात तेव्हा मागे सरकायची जागा ठेवायची. पडलेल्या बॉडीवर विश्वास ठेवायचा नाही, काही परत उठतात, जवळ जाताना बंदुकीचा दस्ता हाणूनच पुढे. आणि पाठ कायम भिंतीला. शेवटी शेवटी रॉकेट लाँचरवाले येतात तिथे मी तीन रात्री घालवल्या, त्याला युक्ती नाही, खांबाआड थांबायचं एवढंच.

या सगळ्यात मॉनिटर, वाट दाखवणारं यंत्र, तो उडणारा निळा दिवा, गुणगुणत पुढे जात असतो. मध्येच तो चीफला सांगतो की तुझं चिलखत फक्त दुसऱ्या वर्गाचं आहे, या कामाला निदान बाराव्या वर्गाचं पाहिजे. शंभरदा ऐकलं असेल मी ते, लक्ष नव्हतं दिलं.

त्या शेवटच्या रात्री दीड वाजता इंडेक्स, म्हणजे जिच्यासाठी ही सगळी लायब्ररी चढायची ती किल्ली, हातात आला. मी माऊस सोडून दोन्ही हात वर केले, ओरडता येत नव्हतं, घरचे झोपलेले. आणि मॉनिटरने तो इंडेक्स लगेच चीफकडून काढून घेतला. कारण काय, तर तुझं शरीर सजीव आहे, तुलाही बाधा होऊ शकते, आणि इंडेक्स फ्लडच्या हाती लागता कामा नये. एवढे मजले चढून, एवढ्यांना मारून, त्याच्या लेखी चीफ म्हणजे अजून न उठलेला एक कॉम्बॅट फॉर्म.

सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजला तेव्हा मी जागाच होतो.