तुम्ही विचारलंत म्हणून : "भाऊ, तू कोनाकडना शे?"

जळगावकडे कुठल्याही लग्नात पंगतीला बसलो की शेजारचे आप्पा विचारतातच, पीएचडी कशात करतोस? उजव्या राष्ट्रवादी संघटनांवर, असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "भाऊ, तू कोनाकडना शे?" म्हणजे त्यांच्यातलाच, की त्यांच्यावर पाळत ठेवणारा?

आप्पा, दोन्ही नाही. मी कोण, काय लिहिणार, हे पहिल्या भेटीतच सांगून टाकतो, चोरून रेकॉर्डिंग वगैरे आपल्याला जमत नाही. मतं जुळायलाच पाहिजेत असंही नाही. अमेरिकेत कॅथलीन ब्ली या समाजशास्त्रज्ञ बाईंनी वर्णद्वेषी गटांतल्या ३४ बायकांच्या मुलाखती घेतल्या, तुमची मतं मला पटत नाहीत हे स्पष्ट सांगून, तरी त्या बोलल्या. आणि निघालं काय, तर बऱ्याच जणी द्वेषापायी गेल्याच नव्हत्या, कोणीतरी ओळखीचं घेऊन गेलं आणि विचार नंतर भिनला.

म्हणून मी "का आलात" विचारतच नाही, विचारलं की स्टेजवरचं भाषण सुरू होतं. "पहिल्यांदा कोणासोबत गेलात" विचारलं की क्रिकेटची टीम, मामेभाऊ, सुटलेली नोकरी, सगळं बाहेर येतं.

प्रश्नावलीवर माझा फार भरवसा नाही. १९५० साली अडोर्नो या जर्मन विचारवंताने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हुकूमशाही वृत्ती मोजायची पट्टी काढली, पण विधानं अशी की प्रत्येकाला हो म्हटलं की स्कोअर वाढणार, म्हणजे ज्याला सगळ्यालाच हो म्हणायची सवय त्याचाही वाढायचा. आणि आपल्याकडे घरी आलेल्या पोराला नाही कोण म्हणतं!

त्यापेक्षा मी फ्लेक्स बघतो, खरंच. मिरवणुकीच्या फ्लेक्सवर कोणाचा फोटो केवढा, मागच्या वर्षी खाली कोपऱ्यात पासपोर्ट साइज असलेला माणूस यंदा मधोमध कसा, पैसे कोणी दिले, यातून जेवढी उतरंड कळते तेवढी पदाधिकाऱ्यांच्या यादीतून कळत नाही.

खरी डोकेदुखी नावं लपवायची. मोठ्या शहरात नाव बदललं की झालं, इथे "बसस्टँडजवळचा मोबाइल रिपेअरवाला, आधी दुसऱ्या पक्षात होता" एवढं लिहिलं तरी पारोळ्यापासून चोपड्यापर्यंत लोक ओळखतात. मग गाव बदलायचं, धंदा बदलायचा, आणि गाइड म्हणतात एवढं बदललं तर पुरावा काय उरला? त्यांचंही बरोबरच आहे. माझी सगळ्यात चांगली मुलाखत त्यापायीच थीसिसमध्ये घेतली नाही, गाइड अजून त्यावरून ऐकवतात.