साहित्यचोरीच्या चौकशीला बोलावलंय? आधी पूर्ण अहवाल मागा

नवी मुंबईतल्या एका विद्यापीठात मी एलएलएम केलं. सॉफ्टवेअरने तपासल्यावर डिझर्टेशनमध्ये इतरांच्या लिखाणाशी ३४ टक्के साम्य निघालं म्हणून मला समितीपुढे बोलावलं. सुनावणी पटकन उरकली. जीव काढला तो त्याआधी, अहवाल मिळवताना.

नोटिशीसोबत हातात पडला पाव कागद. त्यावर पेनाने '३४%' आणि खाली सही. कुठल्या पानावर, कशाशी साम्य, काही नाही. खिडकीवरचे काका म्हणाले, "पूर्ण रिपोर्ट देत नाहीत, सरांना भेटा." सरांनी लायब्ररीत पाठवलं. लायब्ररीत म्हणाले, विभागाचं पत्र आणा. पत्र देणाऱ्या मॅडम रजेवर. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने उभ्याने जायचं आणि 'उद्या या' ऐकून परत यायचं. ज्याच्यावर चोरीचा आळ, त्यालाच पुरावा दाखवायचा नाही? आजही आठवलं की डोकं तापतं.

शेवटी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) साहित्यचोरीबद्दलचे २०१८चे विनियम छापून नेले. समितीने नैसर्गिक न्याय पाळावा, असं त्यात स्पष्ट आहे. लेखी अर्ज केला, आवक खिडकीवर दिला, पोचेवर शिक्का घेतला. मग मात्र अहवाल मिळाला. तोंडी काहीही मागू नका.

अहवाल उघडला तर अख्खी संदर्भसूची लाल. सहकारी संस्था अधिनियम, १९६०चं कलम १०१ मी अवतरणात दिलेलं, तेही लाल. विनियमांप्रमाणे संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यातला मजकूर साम्यात धरायचाच नसतो. हे वगळून पुन्हा तपासलं, आकडा आठवर आला. दहापर्यंत दंड नाही. त्यापुढे चाळीसपर्यंत गेलात तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारून द्यावं लागतं. माझी मौखिक परीक्षा त्याच सत्रात झाली याचा मला अभिमान आहे.

हो, जुने मसुदे तारखेनिशी जपा, गाइडना पाठवलेल्या मेलसकट. समितीने तेच आधी पाहिले. आणि साध्या असाइनमेंटला हे विनियम लागू नाहीत, त्यांच्या नावाने कोणी घाबरवलं तर नियम दाखवायला सांगा.

समितीत विभागप्रमुख, बाहेरच्या विभागातले ज्येष्ठ प्राध्यापक आणि सॉफ्टवेअर जाणणारी व्यक्ती असते. विद्यार्थी एकही नाही. माझा मावसभाऊ अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात शिकतो. तिथली ऑनर पद्धत, म्हणजे कॉपी, चोरी अशा आरोपांचा निवाडा करायची व्यवस्था, १८४२पासूनची, आणि आता चौकशीपासून निकालापर्यंत ती विद्यार्थीच चालवतात. दोषी ठरलं की थेट हकालपट्टी, हा जुना दंडही २०२२मध्ये विद्यार्थ्यांनीच मतदानाने बदलला. आपल्याकडे सगळं त्यांच्यासारखं नको. पण एक विद्यार्थी त्या टेबलाशी बसला असता, तर '३४%'च्या चिठ्ठीवर कोणाला बोलावलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

नोटिशीसोबतच पूर्ण अहवाल जोडावा आणि समितीत विद्यार्थ्यालाही बसवावं, असा अर्ज मी निकालानंतर कुलसचिवांकडे दिलाय. पोच घेतलीय. उत्तर अजून यायचंय.