फिर्यादी म्हणाला, मी भ्यालोच नाही

गेल्या आठवड्यात निकाल लागला पण ही धमकीची केस डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून काढतेय. मी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका तालुका कोर्टात सरकारी वकील आहे. गावाचं नाव लिहीत नाही, भावकीतलं भांडण आहे आणि दोन्ही घरं अजून एकाच वस्तीवर राहतात.

आमच्याकडे ५०४-५०६, म्हणजे अपमान करून चिथावणं आणि धमकी देणं, रोज येतं (घटना १ जुलै २०२४ च्या आधीची म्हणून भारतीय दंड संहितेची जुनी कलमं, आता न्याय संहितेत तीच ३५२ आणि ३५१ झालीत). बाहेरच्या लोकांना एक गोष्ट माहीत नसते, नुसती तोंडी धमकी असेल तर पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, घेतात, मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पुढं तपास होत नाही, आणि माणूस तो एनसीचा कागद घडी करून घरी ठेवतो आणि पोलीस येतील म्हणून वाट बघत बसतो. ही केस चार्जशीटपर्यंत आली ती ट्रॅक्टर अडवला होता म्हणून. अडवणुकीचं ३४१ दखलपात्र, म्हणजे पोलीस परवानगीशिवाय तपास करू शकतात असं, आणि एक कलम दखलपात्र असलं की अख्खी केस दखलपात्र धरतात.

फिर्यादीला सगळे तात्या म्हणतात, मीपण तेच म्हणते. सत्तरीचा माणूस, थोडीच जमीन पण सगळी द्राक्षबाग. बागेत जायचा रस्ता चुलत पुतण्याच्या बांधावरून जातो, त्याच्या वहिवाटीचा दावा तात्यांनी दिवाणी कोर्टात लावलेला. ऑक्टोबर छाटणी झालेली, बाग पोंग्यात म्हणजे नवे कोंब फुटायच्या अवस्थेत, रात्री पाऊस पडून गेलेला. ज्याच्या घरी द्राक्षं आहेत त्याला पुढचं सांगायला नको, अशा वेळी दावण्या या बुरशीरोगाची फवारणी सकाळीच झाली पाहिजे, दुपारपर्यंत थांबलं तरी वर्षाचं पीक जाऊ शकतं. नेमका तेव्हाच पुतण्या रस्त्यात आडवा झाला, फवारणीच्या ब्लोअरचा ट्रॅक्टर अडवला आणि म्हणाला, "तात्या, परवा तारखंला गेलास तर माघारी येऊन बघ बागंत काय उरतंय."

बस्स, एवढंच. मारीन नाही, कापीन नाही, एक शिवीसुद्धा नाही. बागेत कामाला आलेल्या बाईंनी हे वाक्य मला कोर्टाच्या व्हरांड्यात जसंच्या तसं सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कारण धमकीची व्याख्या सांगणाऱ्या कलम ५०३ मध्ये १८६० पासून जे एकुलतं एक उदाहरण दिलेलं आहे ते हेच आहे. ब ने दिवाणी दावा चालवू नये म्हणून अ त्याला घर जाळायची धमकी देतो, अ दोषी. घराच्या जागी बाग घाला, आमची केस तयार.

इथं थोडं सविस्तर सांगते, कारण वकिलांनापण हे सांगावं लागतं. धमकीच्या केसमध्ये नुसते शब्द पुरत नाहीत, शब्दांमागचा हेतू सिद्ध करावा लागतो. माणिक तनेजाचा २०१५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, बंगळुरूच्या ट्रॅफिक पोलिसांच्या फेसबुक पेजवरच्या कमेंटचा, त्यात कोर्टानं म्हणलंय की समोरच्याला भेदरवायचा हेतू नसेल तर नुसत्या शब्दांनी ५०६ होत नाही. बचावाचे सगळे वकील हाच निकाल घेऊन येतात. पण कलमात हेतूचे दोन रस्ते आहेत. एक, समोरच्याला भेदरवणं. दुसरा, धमकी टाळण्यासाठी त्यानं एखादी हक्काची गोष्ट सोडून द्यावी, किंवा करायची नसलेली करावी, यासाठी दबाव आणणं. दुसरा रस्ता कुणी वापरतच नाही, सगळे पहिल्यावरच भांडत बसतात. आता माणसाच्या मनात शिरता येत नाही, म्हणून हेतू आजूबाजूच्या गोष्टींवरून काढायचा, कधी बोलला, कुठं बोलला, आधीचं वैर काय, बोलताना काय करत होता, नंतर दोघं कसे वागले. मी दिवाणी कोर्टाच्या रोजनाम्याची, म्हणजे दाव्यात तारखेतारखेला काय झालं त्याच्या नोंदीची, नक्कल काढून पुराव्यात निशाणी पाडून घेतली. घटनेनंतर दोनच दिवसांनी मनाई हुकुमाच्या अर्जाची तारीख होती. "परवा" म्हणजे कुठला परवा ते कागदानं सांगितलं. ही नक्कल काढायची कल्पना तपासात कुणाला सुचली नव्हती. उलट त्यांनी पुतण्याच्या हातातली छाटणीची कात्री पंचनामा करून हत्यार म्हणून जप्त केली. ऑक्टोबरमध्ये त्या पट्ट्यात कात्री कुणाच्या हातात नसते? तिनं काय सिद्ध होणार!

तर साक्षीचा दिवस. तात्यांची सरतपासणी, म्हणजे मी घेतलेली साक्ष, छान झाली. मग बचावाचे वकील उभे राहिले, सीनियर माणूस, फालतू प्रश्न विचारत नाहीत, त्यांचा मला आदर आहे. त्यांनी रस्त्याचं विचारलं, दाव्याचं विचारलं आणि मग अगदी प्रेमानं, "तात्या, तुम्ही जुने पैलवान ना? पुतण्याच्या बोलण्याला भ्यालात का तुम्ही?"

तात्या ताठ झाले. "मी कशाला भितोय? अजून कुणाच्या बापाला भ्यालेलो न्हाय."

साहेबांनी, म्हणजे मॅजिस्ट्रेटनी, लिहून घेतलं, "मी आरोपीस घाबरलो नाही." वकील खाली बसले. मागच्या बाकावर तात्यांचा मुलगा मान खाली घालून बसला. मला तात्यांचा राग आला नाही, खरंच नाही. कुस्ती खेळलेल्या म्हाताऱ्यानं भरकोर्टात भावकीसमोर मी भ्यालो म्हणावं ही अपेक्षाच मला चुकीची वाटते.

मी फेरतपासणी, म्हणजे उलटतपासानंतर माझ्या साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारायची परवानगी, मागितली. तात्या, त्या दिवसानंतर तुम्ही रात्री कुठं झोपत होता? हरकत आली, नवीन मुद्दा म्हणून. मी म्हणलं, उलटतपासातल्या उत्तराचाच खुलासा आहे. साहेबांनी परवानगी दिली. "बागंतच. माल तुटस्तोवर. मी न्हाय भ्यालो ओ, पण खोडं तोडली तर बाग परत उभी करायला किती वर्षं जातात? म्हणून राखण करत हुतो." तारखेला गेलात का? "गेलो की. पोराला बागंत बसवून गेलो." एका म्हाताऱ्यानं थंडीतल्या रात्री बागेत काढल्या, यापेक्षा धमकी खरी असल्याचा मोठा पुरावा कुठला असतो मला सांगा.

मग त्या बाईंची साक्ष झाली. वाक्य शब्दाला शब्द सांगितलं, कुठं अडखळल्या नाहीत. आणि मग उलटतपासात त्यांच्यासमोर पोलिसांनी लिहिलेला जबाब आला. त्यात काय होतं? "आरोपीने शिवीगाळ, दमदाटी करून जिवे मारण्याची धमकी दिली." फिर्यादीतही हेच, तात्यांच्या मुलाच्या जबाबातही हेच, स्वल्पविरामासकट. तारखेचा उल्लेख नाही, बागेचा नाही. तिघंही म्हणाले, आम्ही सांगितलं होतं, पोलिसांनी का लिहिलं नाही माहीत नाही. तपास हवालदारांना बचावानं एवढंच विचारलं, साक्षीदारांनी तारखेचं आणि बागेचं तुम्हाला सांगितलं होतं का? "जबाबात तसे नमूद नाही."

ही एक ओळ लिहायची सवय मला असह्य होते. ठाण्यात त्यांना वाटतं जिवे मारण्याची म्हणलं की केस जड होते, शिक्षा दोनऐवजी सात वर्षांपर्यंत जाते. होतं उलटं. जी धमकी दिली गेली ती कागदावर नसते, कागदावरची कुणी दिलेलीच नसते, आणि खरं बोलणारा साक्षीदार कोर्टात येऊन गोष्ट वाढवून सांगणारा ठरतो. माणूस घाबऱ्याघुबऱ्या सांगत असतो, त्याचं वाक्य अवतरणात टाकायला एक मिनिट लागत नाही.

निकालात ३४१ खाली ५०० रुपये दंड, तो जुन्या कायद्यानंच जास्तीत जास्त तेवढा होता. ५०६ मधून निर्दोष. कारणं दोन, फिर्यादी घाबरला नव्हता, आणि नेमके शब्द जबाबात नसल्यानं विश्वासार्ह नाहीत. पहिलं कारण मला कायद्याला धरून वाटत नाही. हेतू आरोपीचा बघायचा असतो. धमकी खाणारा काळजाचा घट्ट निघाला म्हणून देणारा सुटत नाही, आणि दावा सोडायला लावायच्या दुसऱ्या रस्त्यावर तर भीतीचा प्रश्नच येत नाही. माझ्या लेखी युक्तिवादात हे सगळं आहे, निकालपत्रात त्यावर एक ओळ नाही. दुसऱ्या कारणावर मी साहेबांना फार दोष देऊ शकत नाही, कागद तसाच होता. तरीपण मनात येतं, रोजनाम्याची तारीख आणि बाईंचं वाक्य इतकं नेमकं जुळत असताना ते नंतर रचलेलं कसं असेल?

माझ्याकडून अपिलायोग्य म्हणून अभिप्राय गेलाय, पण सरकारकडून ते कधी हलेल सांगता येत नाही. फिर्यादीला स्वतःला सेशन्स कोर्टात अपील करायचा हक्क २००९ पासून आहे, हे मी तात्यांना आणि मुलाला बसवून समजावलं. मुलगा तयार आहे. तात्या म्हणतात, "मॅडम, एप्रिलची छाटणी उरकू दे, मग बघू." अपिलाची मुदत छाटणीसाठी थांबत नाही, म्हणून निकालाच्या आणि त्या बाईंच्या साक्षीच्या नकलेचा अर्ज मुलाकडून काल देऊन घेतलाय.