मिकाताला निघताय? मंगळवार सोडून निघा

जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा एक थर आहे. पांढुरका, बोटांत चुरला तर पिठासारखा. ही राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, एवढं तिच्यातल्या काचकणांच्या रसायनावरून बऱ्यापैकी जुळतं. पण कधीची, असं विचारलं की वाद सुरू. टोबा एकदाच फुटलेला नाही, त्यामुळे कुणी ७५ हजार वर्षं सांगतं, कुणी ६ लाख ७० हजार, कुणी थेट १४ लाख. त्याच परिसरात दगडी हत्यारं सापडल्यामुळे या आकड्यांना किंमत आहे. नदीची सवय अशी, की ती राख उचलते, दुसरीकडे टाकते, पुन्हा उकरते. तिच्याकडून तारीख कशी मागणार?

म्हणून क्योटोत शिकणाऱ्या भाच्याकडे गेलो तेव्हा मंदिरांतला एक दिवस कापून फुकुई प्रांतातलं सुईगेत्सु तळं गाठायचं ठरवलं. तिथला गाळ वर्षावर्षाला न ढवळता बसतो, म्हणून त्यातल्या राखेची तारीख मोजता येते. भाचा म्हणाला, "मामा, चिखल बघायला एवढ्या लांब?" हो, चिखलच.

क्योटोहून त्सुरुगापर्यंत थंडरबर्ड एक्सप्रेसनं तासाभराचा प्रवास. टोकियोहून येणाऱ्यांना मार्च २०२४पासून थेट त्सुरुगापर्यंत शिंकान्सेन आहे. पुढे ओबामा मार्गाची छोटी गाडी, अर्ध्या तासात तळ्याजवळचं मिकाता स्टेशन. मेख या छोट्या गाडीत आहे. ती चुकली की पुढची बराच वेळ येत नाही. आम्ही फलाटावर कॉफी घेत बसलो आणि डोळ्यांदेखत गाडी गेली. परतीची वेळ आधी लिहून ठेवा, मगच तळ्याकडे वळा. तळ्याकाठी या गाळाचं संग्रहालय आहे, त्याला मंगळवारी सुट्टी असते, हे मला आदल्या रात्री कळलं आणि बेत एक दिवस पुढे गेला. स्टेशनापाशी भाड्यानं सायकल मिळते. चालत गेलात तर साधारण अर्धा तास.

तळं बघायला साधंच आहे, पण सगळी गंमत तळाशी. मोठी नदी थेट सुईगेत्सुत उतरत नाही. ती आधी शेजारच्या मिकाता तळ्यात गाळ टाकते, मग निवळलेलं पाणी इकडे येतं. भोवती डोंगर, त्यामुळे वारा पाणी ढवळत नाही. तळाशी प्राणवायू नाही, म्हणून गाळ उकरणारे किडे नाहीत. शिवाय जवळच्या भूभ्रंशामुळे तळ हळूहळू खचत राहतो आणि तळं भरून जात नाही. दर वर्षी एक फिकट आणि एक गडद अशी पापुद्र्यांची जोडी बसते, जाडी मिलिमीटरपेक्षाही कमी. असे ७० हजार वर्षांचे थर एकावर एक, ४५ मीटर!

२०१८ साली उघडलेल्या संग्रहालयात हा ४५ मीटर गाळ आडवा मांडलाय. पातळ घासलेले काप काचेत बसवून मागून दिवे लावलेत. आपण चालत चालत मागे जातो, एक पाऊल म्हणजे हजारभर वर्षं. बारीक रेघांमध्ये मध्येच एक रेघ नसलेला पट्टा येतो. ती राख. पहिला ठळक पट्टा किकाई ज्वालामुखीचा, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीचा. पुढे तीस हजारांपाशी फूटभर जाडीचा पट्टा दिसला आणि मी थबकलो. साकुराजिमा ज्वालामुखी आज जिथे धुमसतो, त्या दक्षिण जपानच्या क्यूशू बेटावरच्या आइरा विवराची ही राख. सहाशेहून अधिक किलोमीटर उडत आलेली, आणि तरी एवढी!

वय ठरतं ते असं: राखेच्या वरचे पापुद्रे मोजायचे, थरांत अडकलेल्या शेकडो पानांच्या कार्बनवरून काढलेल्या वयाची त्याला जोड द्यायची. आइरासाठी आकडा निघाला ३०,००९ वर्षं, इकडेतिकडे १८९. मग राखेतले तेच काचकण जपानात दुसऱ्या कुठल्या खड्ड्यात, समुद्रतळात किंवा उत्खननात सापडले की तारीख इथून उसनी नेता येते. काही राखा तर डोळ्यांना दिसतही नाहीत. सुमारे हजार किलोमीटरवरच्या, चीन-उत्तर कोरिया सीमेवरच्या पेक्टू पर्वताच्या इसवी सन ९४६च्या स्फोटाचे कण इथे सापडले, ते गाळ चाळून, सूक्ष्मदर्शकाखाली. ते काचेवर शोधत बसू नका, मी शोधले.

फोनमध्ये भाषांतराचं अॅप ठेवा. घाई नको, दोन तास हवेतच. त्याच दिवशी शेजारचं, प्राचीन जपानच्या जोमोन संस्कृतीचं संग्रहालयही उरकता येतं, पण ते मला पळतपळत बघावं लागलं. हवा निरभ्र असेल तर डोंगरमाथ्यावरच्या रेनबो लाइन बागेतून सुईगेत्सु आणि मिकाता धरून इथली पाचही तळी दिसतात. आम्हाला ढग दिसले. "डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस," अशी या किनाऱ्याची म्हणच आहे. हिवाळ्यात तर बर्फही भरपूर.

शाकाहारी असाल तर डबा मात्र विसरू नका. साध्या दिसणाऱ्या नूडल्सच्या रश्शातही मासळी असते.

दालनाच्या टोकाला ७० हजार वर्षं संपतात. तिथे उभं राहून भाच्यानं फोनवर हिशेब केला. बोरीची राख ७५ हजारांची असेल तर ती भिंतीपलीकडे जेमतेम तीन मीटरवर. ६ लाख ७० हजारांची असेल तर सुरुवातीपासून ४३० मीटर. आणि १४ लाख खरे असतील तर ९०० मीटर, म्हणजे स्टेशनच्या जवळजवळ अर्ध्या वाटेवर. परतताना सायकल तो घेऊन गेला, मी पावलं मोजत चालत गेलो. गाडी मिळाली, पण जेमतेम.