रॅम्पची उंची दुप्पट केली तर गाडी दुप्पट पळते का?

रॅम्प जितका उंच तितकी खेळण्यातली गाडी जोरात. सायन्स प्रोजेक्टच्या वहीत बहुतेक मुलं हे एवढं एक वाक्य लिहून मोकळी होतात आणि टीचरपण बरोबरची खूण करतात. चूक काहीच नाही त्यात, पण किती जोरात हे कोणी विचारतच नाही आणि खरी मजा तिथेच आहे.

उंची दुप्पट केली तर वेग दुप्पट होत नाही, साधारण १.४ पट होतो. दुप्पट वेग हवा तर उंची चौपट करावी लागते. घर्षण धरलं नाही तर १० सेंमीवरून सोडलेली गाडी खाली सेकंदाला १.४ मीटर वेगाने पोचते, ४० सेंमीवरून २.८. खरी गाडी यापेक्षा कमीच पळते, कारण एक्सल घासतो आणि चाकं फिरवण्यातही थोडी ऊर्जा जाते.

चवथीच्या सुट्टीत फोंड्याच्या घरी भाच्याबरोबर हे करून बघितलं, वसरीतली जमीन गुळगुळीत आहे त्यामुळे जागा मस्त मिळाली. फळीखाली पुस्तकं लावायची, पण फळी जमिनीला टेकते तिथे गाडी आपटते आणि सगळा वेग तिथेच जातो, म्हणून त्या सांध्यावर कार्डशीटची पट्टी हलका बाक देऊन चिकटवायची, हे अजिबात टाळू नका. पुढे खडूने १ मीटर आखायचा आणि मोबाईलवर व्हिडिओ काढून फ्रेम मोजायच्या. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर १.४ च्या वेगाला साधारण २१ फ्रेम लागतात, २.८ ला ११ च्या आसपास. स्टॉपवॉचने हे जमत नाही, बोट दाबेपर्यंत गाडी पार झालेली असते. गॅलिलिओकडे तर असं घड्याळच नव्हतं, उतारावरून गोळा सोडून तो भांड्यातून पडलेलं पाणी तोलायचा आणि त्यावरून वेळ काढायचा, १६३८ च्या त्याच्या पुस्तकात हे सगळं आहे!

अजून एक, गाडी जमिनीवर किती लांब जाऊन थांबते तेही टेपने मोजा. ते अंतर मात्र उंची दुप्पट केली की जवळजवळ दुप्पटच होतं. एकाच गाडीचे दोन वेगळे हिशोब, एकाच पानावर दोन ग्राफ, एक वाकलेला आणि एक जवळपास सरळ. भाचा आता गाडीवर नाणी चिकटवून वजन वाढवायचं म्हणतोय.