हिरवा ठिपका असलेलं पाकीट चिकनच्या फ्रीजरमध्ये का ठेवता हो?

आधी कामाचं सांगून टाकते कारण नंतर माझा राग निघणार आहे आणि मग काय सांगायचं होतं तेच राहून जाईल. सुपरमार्केटमध्ये व्हेज खिमा, व्हेज नगेट्स, ते 'प्लांट बेस्ड' म्हणतात तसलं, मांसासारखं लागणारं पण वनस्पतींपासून केलेलं काही शोधत असाल तर पनीर-मटारच्या फ्रीजरसमोर उभं राहून हात गारठवून घेऊ नका. तिथे नसतं ते. निदान आमच्या ठाण्यात घोडबंदर रोडला तरी नव्हतं. ते असतं पार मागे, कोपऱ्यात, कच्च्या चिकनच्या आणि बासा माशाच्या शेजारी. का ते विचारू नका, मी विचारलं आणि त्यात माझा किती वेळ गेला तेच खाली लिहिलंय.

माझं माहेर मालवणचं, सासर लातूरकडचं, औसा तालुका. सासूबाई गेल्यावर सासरे कायमचे आमच्याकडे राहायला आले. बाबा माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, वारी चुकवत नाहीत. त्यांनी एका शब्दानेही म्हटलं नाही की घरात नॉनव्हेज करू नका. पण माळ घातलेला माणूस शेजारच्या खोलीत हरिपाठ म्हणतोय आणि मी इकडे सागोतीचं वाटण परततेय, हे माझ्याच्याने होईना. मग घरात बंद केलं. नवरा आणि मुलगा बाहेर जाऊन खातात, मीही कधीतरी खाते, पण रविवारी दुपारी घरच्या टोपातला रस्सा आणि वडे यांची सर हॉटेलला येते का? श्रावण पाळणं वेगळं आणि बारा महिने श्रावण वेगळं.

आता माहेरी श्रावणात आमच्याकडे सोय असायची. काळ्या वाटाण्याची आमटी, रवा लावून तळलेले सुरणाचे काप, पावसात अळंबी मिळाली तर मग काय विचारता, आणि त्याआधी उन्हाळ्यात फणसाची कुयरी. चवीला काहीच कमी नाही, पण मुलाला रश्श्यात काहीतरी चावायला लागतं आणि त्याच्या जिमवाल्याने प्रोटीन प्रोटीन करून डोकं खाल्लेलं, फणसात प्रोटीन फारसं नसतंच. म्हणून ही शोधाशोध.

सोयाबीनच्या चंक्सपासून सुरुवात केली, सगळेच करतात. ते सोपं आहे, कुठल्याही किराणा दुकानात मिळतं, न्यूट्रेला घ्या नाहीतर सुटं घ्या. बाबांची प्रतिक्रिया मात्र ऐकण्यासारखी होती. त्यांनी अर्धं आयुष्य सोयाबीन पेरलं, काढलं, बाजार समितीत नेऊन घातलं. वाटीतला चंक चमच्याने दाबून बघत म्हणाले, "सूनबाई, सोयाबीन विकायचं असतंय, खायचं असतंय व्हय?" मी त्यांना सांगितलं की तेल काढून झाल्यावर जे पीठ उरतं ते मशिनमध्ये उष्णता आणि दाब देऊन असं फुलवतात, म्हणून त्याला धागे येतात. त्यावर म्हणाले, "म्हंजे पेंडच की." आता यावर काय बोलणार, चुकीचं तर काही बोलले नव्हते.

तर फ्रीजर. पेपरात वाचलं होतं की रितेश आणि जिनिलिया देशमुखने २०२१ मध्ये इमॅजिन मीट्स नावाची व्हेज मीटची कंपनी काढली, मग ब्लू ट्राइब या तसल्याच कंपनीत विराट-अनुष्काने पैसे घातले, म्हटलं लातूरच्या माणसाने काढलंय तर बाबांना पण सांगता येईल. गेलो आमच्या नेहमीच्या सुपरमार्केटला. नाव लिहीत नाही, आजही तिथूनच सामान येतं. बाबा बरोबर होते, त्यांना ट्रॉली ढकलायला आवडते. तिथल्या मुलाला विचारलं, दादा व्हेज मीट कुठे आहे, तर तो म्हणाला, "मॅडम, मीट नॉनव्हेज असतं." बरं म्हटलं. पनीर बघितलं, फ्रेंच फ्राईज बघितल्या, आलू टिक्की, कॉर्न, सगळं बघितलं. मोबाईलवर त्याच दुकानाचं ॲप सांगतंय की माल तुमच्या स्टोअरमध्ये उपलब्ध. शेवटी मी एकटीच मागे गेले आणि सापडलं. वर चिकन ड्रमस्टिकची पाकिटं, त्यातल्या एकाला लाल पाण्याचा बर्फ लागलेला, आणि त्याच्या खाली दबून व्हेज खिम्याचं पाकीट, त्यावर ठळक हिरवा ठिपका. काढून पुसलं, ट्रॉलीत ठेवलं, वळून बघते तर बाबा दोन रांगा पलीकडून बघत होते. काही बोलले नाहीत. बिलिंगच्या मुलाने ते पाकीट बाकीच्या सामानापासून बाजूला काढून वेगळ्या पिशवीत घातलं, नॉनव्हेज म्हणून! मी म्हटलं अहो ठिपका बघा, तो म्हणाला सिस्टिममध्ये तसं येतं. रात्री खिमा-पाव केला आणि बाबा म्हणाले, "मला आज भूक नाही." भाकरीचा तुकडा आणि दूध घेऊन झोपले.

माझं डोकं सटकलं ते तिथे. आमच्या बाबांवर नाही हो, त्या दुकानावर. ज्यांनी मांस सोडलंय किंवा कधी खाल्लंच नाही त्यांच्यासाठी वस्तू बनवायची, त्यावर ठिपका छापायचा आणि ती नेऊन अशा जागी ठेवायची की ज्यांच्यासाठी आहे ते तिकडे फिरकणारच नाहीत. मग खप नाही म्हणून पाकिटं तशीच पडून, त्यावर बर्फाचे थर. एक पाकीट तर असं निघालं की आतले नगेट्स एकमेकांना चिकटून एकच ढेकूळ झालेलं, म्हणजे मध्ये कधीतरी वितळून परत गोठलेलं. (हे लक्षात ठेवा, घेताना पाकीट हलवून बघायचं. आतले तुकडे सुटे खुळखुळले पाहिजेत. फ्रोझन माल उणे १८ अंशाला राहायला हवा, एकगठ्ठा झाला असेल तर घेऊ नका, स्वस्तात मिळत असेल तरी नको.)

मॅनेजरला भेटले. भला माणूस होता, खोटं कशाला बोलू, पण तिथून सुरू झालं. ते म्हणाले कुठला माल कुठल्या शेल्फवर हे आम्ही ठरवत नाही, वरून प्लॅनोग्राम येतो, म्हणजे माल मांडण्याचा नकाशा. वरून म्हणजे कुठून? हेड ऑफिस. हेड ऑफिसला कसं कळवायचं? कस्टमर केअर. कस्टमर केअरला फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली रिफंड हवा आहे का मॅडम. नको, फ्रीजर बदला. मग प्रॉडक्टमध्ये काय दोष आहे मॅडम? प्रॉडक्टमध्ये नाही, जागेत दोष आहे. जरा वेळ होल्डवर गाणं वाजलं आणि मग म्हणाली तुम्ही ॲपवर फीडबॅक फॉर्म भरा.

फॉर्ममध्ये पर्याय काय, तर दर्जा, किंमत, बिलिंग, कर्मचाऱ्यांची वागणूक आणि इतर. 'इतर' निवडलं की एवढीशी चौकट, त्यात मराठीत लिहिलं तर सबमिटच होईना, इंग्रजीत लिहिलं तर अक्षरं संपली. कसंबसं बसवलं. मेसेज आला, तक्रार नोंदवली, हा नंबर. काही दिवसांनी दुसरा मेसेज, आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे, कृपया आम्हाला रेटिंग द्या. धावत जाऊन बघते तर पाकिटं तिथेच, ड्रमस्टिकच्या खाली. परत फॉर्म, परत नंबर, परत निवारण. एकदा तर फॉर्म भरून दुकानातून घरी पोचायच्या आत निवारण झालं! सरकारी ऑफिस परवडलं, तिथे निदान उद्या या म्हणतात, झालं म्हणत नाहीत.

मग परत मॅनेजरकडे गेले तेव्हा त्यांनी खरं कारण सांगितलं, आणि ते मला पटलंही अर्धं. म्हणाले, आधी आम्ही व्हेजमध्येच ठेवलं होतं, पण पाकिटावर मोठ्या अक्षरात चिकन लिहिलेलं असतं, पनीर घ्यायला आलेल्या लोकांनी आरडाओरडा केला की आमच्या फ्रीजरमध्ये चिकन कुठून आलं. मी म्हटलं अहो पण हिरवा ठिपका आहे ना. तर म्हणाले, "मॅडम, लोक ठिपका नाही बघत, चिकन शब्द बघतात." खरं आहे ते. पण मग दोन्हीकडचे लोक नाराज होऊ नयेत म्हणून ती वस्तू कोणालाच मिळू नये अशी सोय केली त्याला काय म्हणायचं? आणि कंपन्यांनाही एक विचारायचंय, नुसतं 'व्हेज खिमा' लिहिलं तर काय बिघडेल, खिमा म्हटलं की मटाराचा पण चालतो आमच्याकडे.

सुटलं कसं, तर मॅनेजरची बदली झाली. नवीन फ्लोअर इनचार्ज आली, तिशीची मुलगी. मी सकाळी सकाळी गेले होते, ती स्वतः माल लावून घेत होती, तिला सांगितलं, घरी माळकरी सासरे आहेत म्हटल्यावर तिने पुढचं ऐकूनही घेतलं नाही, म्हणाली माझे आजोबा पण. फ्रेंच फ्राईजच्या फ्रीजरमध्ये खालच्या बाजूला एक प्लॅस्टिकची टोपली ठेवली, त्यात सगळं हिरव्या ठिपक्याचं, वर हाताने लिहिलेली चिठ्ठी, 'शाकाहारी'. झालं. प्लॅनोग्राम नाही, हेड ऑफिस नाही. आणि त्या टोपलीतला माल उठायला लागला, पुढच्या वेळी गेले तर खिमा संपलेला, मला स्वतःलाच मिळाला नाही, तरी मी अशी ऐटीत बाहेर पडले की विचारू नका. तर तुमच्याकडे असं असेल तर कस्टमर केअरच्या नादी लागू नका, आठवड्यातल्या मधल्या वारी सकाळी जाऊन माल लावणाऱ्या माणसाशी बोला. रविवारी संध्याकाळी कोणाला वेळ नसतो.

आणि हे वरती यायला हवं होतं पण आत्ता आठवलं, फ्रीजरच नको असेल तर तसाही माल मिळतो. उदयपूरच्या गुडडॉटचे पदार्थ आणि गोव्याच्या वाकाओचा फणस, हे नुसत्या कपाटात ठेवायचे असतात, ऑनलाइन मागवले की कुठल्या ड्रमस्टिकशी संबंधच नाही. बाबांनी पहिल्यांदा खाल्लं ते यातलंच.

चवीचं बोलायचं तर खिमा सगळ्यात फसवतो. मटार, भरपूर आलं-लसूण, थोडा गरम मसाला, वरून कोथिंबीर आणि लिंबू, पावाबरोबर द्या, निम्म्या लोकांना कळत नाही. नगेट्स मुलांना आवडतात. रश्श्यातले तुकडे मात्र जपून, ते आधीच शिजलेले असतात, आपल्या सवयीने कुकरला लावलेत तर लगदा होतो. मालवणी वाटणाचा रस्सा आधी पूर्ण उकळून, तेल सुटल्यावर तुकडे शेवटी टाकायचे आणि पाच-सात मिनिटांत गॅस बंद. मीठ कमी घाला, या पाकिटांत आधीच भरपूर असतं, मागचं लेबल वाचा, बाबांच्या बीपीमुळे मला ती सवय लागली. किंमत चिकनपेक्षा जास्त, त्यामुळे रोज परवडत नाही, रोजचं आपलं सोयाबीनच.

सोयाबीनला उलटं करायचं. मिठाच्या गरम पाण्यात भिजवायचं, घट्ट पिळायचं, परत गार पाण्यातून काढून परत पिळायचं, तेव्हा तो वास जातो. मग दही, आलं-लसूण, मालवणी मसाला लावून तासभर ठेवायचं. पाकिटावर १०० ग्रॅमला ५२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लिहिलेलं असतं ते कोरड्याचं, भिजून वजन दुपटी-तिपटीने वाढतं, वाटीभर रश्श्यात तेवढं नसतं, हे मुलाला समजवायला मला वेळ लागला.

परदेशातल्या लोकांसाठी एक, माझी नणंद लंडनला आहे. तिकडे क्वॉर्न म्हणून १९८५ पासून मिळतं, बुरशीपासून केलेलं, तिला फार आवडतं, पण त्याच्या बऱ्याच प्रकारांत अंड्याचा पांढरा भाग असतो. तिकडे अंडं असलं तरी ते व्हेजिटेरियनच, आपल्याकडे अंडं आलं की तपकिरी खूण. तेव्हा घरात अंडं चालत नसेल तर तिकडे 'व्हेगन' लिहिलेलं घ्यायचं. आपल्याकडे हिरव्या ठिपक्यात दूध चालतं, ज्यांना दूधही नको त्यांच्यासाठी व्हेगनची वेगळी खूण २०२२ मध्ये आली.

बाबा आता खिमा खातात, एकादशी सोडून. पेंड आणा म्हणतात, नाव तेच पडलंय घरात. आणि हो, परवा त्या टोपलीत कोणीतरी चिकन सॉसेजची दोन पाकिटं आणून टाकली होती. ती मी उचलून मागच्या फ्रीजरमध्ये नेऊन ठेवली, कोणाला विचारलं नाही की फॉर्मही भरला नाही.